नववीचे एकावन्न

नववीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात शंभरपैकी एकावन्न मार्क मिळाले होते, आणि ते मला माझ्या वडिलांनी दिले होते. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगितलं आहे, कारण ऐकणारा एकतर हसतो किंवा वडिलांचं कौतुक करायला लागतो, आणि मला दोन्ही नको असतं. बाबा बार्शीला आमच्याच शाळेत गणित शिकवायचे. नववी-दहावीला गणिताचे सर ते एकटेच, त्यामुळे मी त्यांच्या हाताखाली येणार हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. वर्गात मी त्यांना सर म्हणायचे, घरी बाबा म्हणायचे, आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या मागोमाग घरी चालत येताना काहीच म्हणायचे नाही. रस्त्यात ते नेमके कोण असत हे मला कधी ठरवता आलं नाही.

आठवीत मी वर्गात पहिली आले होते. आठवीचं गणित दुसऱ्या बाई शिकवायच्या, तरी बाजारात कुणीतरी म्हणालंच, सरांची पोरगी, पहिली येणार नाही तर काय. किराणा दुकानात उभ्या उभ्या टाकलेलं ते वाक्य बाबांच्या कानावर आलं आणि त्यांच्या मनात जाऊन बसलं. बाबा नाकासमोर चालणारे. शिकवणी घ्यायचे नाहीत, दिवाळीला पालकांनी आणलेली मिठाई परत पाठवायचे, आणि आम्ही दोघी मायलेकी त्या डब्याकडे बघत राहायचो. अशा माणसाला ते बोलणं लागलं यात नवल नाही. पण त्यांना ते लागलं आणि त्याचं औषध मात्र मला घ्यावं लागलं. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर ते पलंगावर मांडी घालून पेपर तपासायचे आणि मी खोलीत आले की वरचा पेपर पालथा टाकायचे. वार्षिकचे पेपर मुलांना परत मिळत नसत. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक उघडलं तेव्हा इतर सगळ्या विषयांत ऐंशीच्या पुढे आणि गणितात एकावन्न. खाली शिक्षकांची सही म्हणून बाबांची सही, आणि पालकांची सही म्हणूनही बाबांचीच.

तेव्हा सगळ्याच शाळांची रीत होती की नववीत मार्क हातचं राखून द्यायचे. कडक तपासायचं, पोरांना घाबरवायचं, म्हणजे दहावीत ती शुद्धीवर येतात. नववीचे मार्क पुढे कुणी विचारत नसे. कॉलेज विचारत नसे, नोकरी विचारत नसे, लग्न जमवणारेसुद्धा दहावीपासूनच चौकशी सुरू करायचे. दहावीला बोर्ड असायचं, पेपर कुठल्या तरी लांबच्या गावात कुणी अनोळखी माणूस तपासायचा, आणि त्याने दिलेले मार्क तेच खरे. नववीच्या सरांनी कितीही कापले तरी अंगाला लागत नसत. मी रडले तेव्हा बाबांनी तेच सांगितलं. "नववीचं काय घेऊन बसलीस? कोण विचारतंय नववी? दहावीला दाखव की काय ते." माझे खरे किती होते हे मी विचारलं नाही. पेपर चांगला गेला होता असं वाटत होतं, पण वाटण्याला काय अर्थ. पुढे शाळेच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक घोडके सरांनी माईकवरून सांगितलं की क्षीरसागर सरांनी पोटच्या मुलीलाही सोडलं नाही, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसले होते, न वाजवून सांगते कुणाला.

दहावी मी बार्शीत केलीच नाही. आईचा भाऊ कॅनडात स्कारबरोला होता, त्याने खूप वर्षं लावून धरलेलं आमचं इमिग्रेशनचं काम त्याच उन्हाळ्यात झालं आणि तिथली शाळा सुरू होण्याआधी आम्ही तिघं त्याच्या ओळखीच्या एका तमिळ कुटुंबाच्या घराखाली, बेसमेंटमध्ये राहायला आलो. छत इतकं खाली की बाबांनी हात वर केला की टेकायचा. एका कोपऱ्यात घर तापवणारा फर्नेस, तो धडधडत सुरू झाला की बोलणं थांबवायचं आणि तो थांबला की वाक्य पुढे चालू करायचं, ही सवय आम्हाला इतकी लागली की अजूनही आम्ही बोलता बोलता मध्येच थांबतो. वरून घरमालकांच्या पावलांचे आवाज यायचे, त्यांच्या सांबाराचा वास यायचा. आईने ज्वारीचं पीठ शोधून काढलं होतं, थोडं खवट, पण ज्वारीच. ती भाकरी भाजायला बसली की धुराचा अलार्म कोकलायला लागायचा आणि बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने त्याला वारा घालायचे. आई म्हणायची, "बार्शीत वर्गाला वारा घालणारी पोरं होती तुमच्याकडे, आता तुम्ही घाला." उरलेल्या भाकऱ्या ती पातळ करून कडक वाळवायची आणि बाबा त्या शेंगांच्या चटणीबरोबर कामावर न्यायचे.

काम ब्रेडच्या कारखान्यात. पट्ट्यावरून येणाऱ्या पावांच्या पिशव्या क्रेटमध्ये भरायच्या. बाबा पहाटे निघायचे आणि आम्ही शाळा-कामावरून परत यायच्या आत येऊन झोपलेले असायचे. त्यांच्या अंगाला यीस्टचा वास यायचा, आंबट-गोड, आणि तो आंघोळीने जात नसे. शिकवण्याचं लायसन्स काढायचं तर परत शिकावं लागेल असं कळल्यावर त्यांनी त्याचा विषयच काढला नाही. आई वृद्धाश्रमात जायची, म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं-भरवणं. तिला ते काम आवडायचं असं ती म्हणायची, आणि मला वाटतं ते खरं असावं, कारण ती तिथल्या म्हाताऱ्यांची नावं घेऊन हसायची. बाबा कारखान्यातल्या कुणाचंच नाव घेत नसत.

मला वयाप्रमाणे ग्रेड टेनमध्ये घातलं. बार्शीच्या नववीच्या बदल्यात त्यांनी क्रेडिट दिले, मार्क कुणी विचारले नाहीत, आणि मला वाटलं, बाबा म्हणाले तेच खरं निघालं. इंग्रजीत माझी फेफे उडायची. गणितात मात्र इंग्रजी लागत नव्हतं, किंवा जेवढं लागायचं तेवढं मला येत होतं. फळ्यावर गणित आलं की वर्गातली मुलं मागे वळून माझ्याकडे बघायची. दिवसभरात तेवढा एक तास मी कुणीतरी असायचे. बाबा रोज जेवताना विचारायचे, "बोर्ड कधी आहे?"

"बोर्ड नसतं इथे, बाबा."

"असं कसं? शेवटी कुठली तरी परीक्षा असेलच की बाहेरची."

"नाही. आमचे सर देतात तेच मार्क. क्विझ, असाइनमेंट, टेस्ट, सगळ्यांची बेरीज."

"आणि ते कुणी परत तपासत नाही?"

"नाही."

बाबांनी घास हातात धरला तसाच ठेवला. "म्हणजे एकट्या सरांनी दिलं तेच शेवटचं?" ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले. या देशातल्या बऱ्याच गोष्टींवर ते अशीच मान हलवायचे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. आज मागे बघते तेव्हा वाटतं, बाबा आयुष्यभर कडक मार्क देऊ शकले ते त्यांच्यावर बोर्ड होतं म्हणून. त्यांच्या हातून कमी पडलं तर कुठेतरी दुसरं कुणी ते भरून काढायचं. शेवटचा शब्द आपला नाही या भरवशावर माणूस किती कठोर होऊ शकतो ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

बारावीत, म्हणजे ग्रेड ट्वेल्व्हमध्ये, माझ्या गणिताच्या सरांनी मला एका विद्यापीठातल्या गणिताच्या खास कोर्सबद्दल सांगितलं. सगळ्या देशातून मोजकी मुलं घेत. पहिल्या वर्षापासून प्राध्यापकांबरोबर बसून काम, राहायला जागा, वर पैसेही. सर म्हणाले, तू अप्लाय करच. त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. बसमध्ये, लॉकरपाशी, आई भाकरी थापत असताना समोर बसून, मी तिथे आहे असंच मनात चालायचं. खिडकी असलेली खोली असेल, ती जमिनीच्या वर असेल, आणि दिवसभर गणित. मला ते इतकं हवं होतं की मी ते घरात मोठ्याने बोलायलाही घाबरायचे. बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा कितीतरी दिवसांनी खुर्चीत सरळ होऊन बसले आणि कोर्समध्ये काय काय शिकवतात ते विचारू लागले. मी सांगत गेले, फर्नेस सुरू झाला, आम्ही दोघं थांबलो, तो बंद झाल्यावर ते म्हणाले, "हे मला शिकायचं होतं." बस, एवढंच.

शाळेत पुढच्या प्रवेशांचं बघणाऱ्या गायडन्सच्या मिस बर्नेट होत्या, चष्मा केसांत खोचून तोच शोधत फिरणाऱ्या. त्यांनी माझे कागद लावायला घेतले आणि एके दिवशी मला बोलावलं. बाकी सगळी विद्यापीठं अकरावी-बारावीचेच मार्क बघतात, त्या म्हणाल्या, पण हा कोर्स नववीपासूनचं सगळं मागतो, आणि नववी दुसऱ्या देशात झाली असेल तर तिथल्या शाळेकडून सीलबंद पाकिटात थेट मागवतो. "युअर ग्रेड नाइन मॅथ. हाऊ वॉज इट?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. त्या चांगल्या बाई होत्या, लगेच म्हणाल्या की एकावन्नवरून सत्त्याण्णवपर्यंत येणं ही वाईट गोष्ट नाही, लोकांना अशी चढण आवडते. पण इथे गणिताची चारही वर्षं मोजतात, आणि बाकीच्या मुलांच्या चारही वर्षांत नव्वदच्या खाली काही नसतं. काही कारण होतं का? आजारपण, घरात काही? त्या वेळच्या शिक्षकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर जोडता येतील. "व्हू वॉज युअर टीचर?"

"माय डॅड," मी म्हटलं.

त्यांनी मला पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं मला प्रश्न समजला नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाबा सुट्टी घेऊन शाळेत आले. बार्शीहून आणलेला निळा शर्ट इस्त्री करून घातला होता, आणि त्यालाही यीस्टचा वास येत होता. मिस बर्नेटसमोर ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि तयार करून आणलेलं इंग्रजी बोलले. माझी मुलगी माझ्या वर्गात होती. लोक बोलू नयेत म्हणून मी तिला कडक तपासलं. आमच्याकडे नववीत तसं करतात. मिस बर्नेट ऐकत राहिल्या. मग त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं, म्हणजे तिने लिहिलं त्यापेक्षा तुम्ही कमी मार्क दिले?

"स्ट्रिक्ट," बाबा म्हणाले. "आय वॉज स्ट्रिक्ट."

"पण मग तिचे खरे किती होते?"

"आय वॉज स्ट्रिक्ट," बाबा परत म्हणाले.

बाईंनी चष्मा परत केसांत खोचला. हे लिहून पाठवता येणार नाही, त्या म्हणाल्या. स्वतःच्या मुलीचे पेपर वडिलांनी तपासले हेच इथल्या लोकांना विचित्र वाटेल. त्यातून ते मार्क खरे नव्हते असं आपणच सांगितलं तर ते म्हणतील, बाकीचे तरी खरे कशावरून? त्यापेक्षा शाळेकडून जे येईल ते येऊ द्या. बाहेर आल्यावर बाबा बसस्टॉपपर्यंत माझ्यापुढे चालत राहिले. पावलांखाली बर्फावर टाकलेलं मीठ कुरकुरत होतं. त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता, त्यामुळे ते काय विचार करतायत ते दिसत नव्हतं. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी त्यांना धक्का द्यावा असं वाटत होतं.

पाकीट बार्शीहून यायचं म्हणजे घोडके सरांना फोन करणं आलं. आईने हे ऐकलं आणि तिला एकदम मार्ग दिसला. घोडके सर बाबांचे जुने मित्र, शाळा त्यांच्या हातात. "एक शब्द टाका त्यांच्याकडे," ती म्हणाली. "ते नाही म्हणणार नाहीत. पोरीचं सोनं होईल."

"म्हणजे मार्क वाढवून घेऊ?"

"वाढवून कशाला, होते तेवढे लिहायला सांगा."

"रजिस्टरला एकावन्न आहेत. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल."

आई पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "आणि एकावन्न खरे होते?" ती म्हणाली.

आमच्या घरात आई बाबांना उलटून बोलली असा मला आठवणारा हा एकच प्रसंग. फर्नेस सुरू झाला आणि कुणालाच बोलावं लागलं नाही. बाबा उठले, बूट घातले आणि वर ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे बर्फ उपसायला गेले. तो घरमालकांच्या मुलाने सकाळीच करून ठेवला होता. बराच वेळ फावडं काँक्रीटवर घासल्याचा आवाज येत राहिला. आई म्हणाली, "जेवायला बोलव त्यांना." मी बोलवायला गेले नाही. ते आपले आपण आले.

त्या रविवारी सकाळी, बार्शीत शाळा नसली तरी घोडके सर घरी सापडतील अशा हिशोबाने, बाबांनी भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला. आई कामावर होती. मी टेबलापाशी समोर बसले होते, अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून. घोडके सर फोनवर इतकं मोठ्याने बोलायचे की मधे फोन नसता तरी चाललं असतं. तब्येत, बर्फ, शाळेच्या नव्या खोल्या, सगळं झालं. मग बाबांनी सांगितलं, मंजूची नववीची मार्कलिस्ट हवी आहे, इंग्रजीत, शिक्का मारून, सीलबंद, थेट विद्यापीठाला.

"पाठवतो की. त्यात काय. गणिताला किती होते हो तिला?"

"एकावन्न."

"आपल्या मंजूला?" सर हसले. "हां, हां. आठवलं. तुमचा तो पराक्रम." मग त्यांचा आवाज जरा खाली आला, म्हणजे त्यांच्या मानाने खाली. "सर, मी काय म्हणतो, तिकडं लेकराचं नुकसान व्हायला नको. रजिस्टर माझ्याच कपाटात आहे. नववीचंच तर आहे, कोण बघायलंय? पेपर तुम्ही तपासलेला, तुम्हालाच माहीत. तुम्हीच सांगा, किती टाकू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण मनात एकच चाललं होतं, सांगा, सांगा, काहीही सांगा. त्या क्षणी बाबांनी शंभर म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

"सर? कार्ड संपलं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "आहेत तेच पाठवा."

"बघा हं. विचार करा."

"आहेत तेच, घोडके सर."

मी उठून वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. पाणी गार होतं, मग कोमट झालं, मग कढत झालं, आणि मी बाहेर आले तेव्हा बाबा फोनची वायर गुंडाळून ठेवत होते. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही पूर्वीसारखं कधी बोललो नाही. वसंतात, बर्फ काळं पडून रस्त्याच्या कडेला उरलं होतं तेव्हा, शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मला नकार वाचायला मिळाला. अर्ज खूप आले होते, जागा थोड्या होत्या, तुमच्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. आईला सांगितलं, ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसली. बाबांना आईनेच सांगितलं असावं. ते कामावरून आले, आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी घरापासून बसने जाता येईल अशा ठिकाणी शिकले, व्यवहाराचं शिकले, नोकरीला लागले. आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. घर आहे, नवरा भला आहे, मुलगी आहे. पण गणित सुटलं. एकदा सुटलं ते सुटलंच. कधी कुणाच्या तोंडून एखाद्या प्रमेयाचं नाव ऐकलं तर मला अजून लाजल्यासारखं होतं. राग बाबांवर होता, पण तो वर्षांमागून वर्षं सांभाळणं कठीण असतं, विशेषतः माणूस म्हातारा होऊन आपल्याच घरात राहायला आल्यावर. मग मी माझ्यापुरती एक तोड काढली. मी स्वतःला सांगत आले की माझ्या वडिलांना एक खोटा आकडा सांगून माझं भलं करता आलं असतं, आणि त्यांनी ते केलं नाही. असे वडील किती जणांना असतात? त्या गोष्टीची किंमत मी भरली, तर थोडा अभिमानही माझाच. नवऱ्याला मी ही गोष्ट अशीच सांगितली, मुलीला, ईरालाही अशीच सांगितली. आईला मात्र असं सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "तुझं तुला पटतंय ना, मग झालं." आई आता नाही.

गेल्या हिवाळ्यात ईराचा ग्रेड नाइनचा पहिला रिपोर्ट आला. आता तो ॲपवर येतो, मुलांच्या आधी आपल्याला दिसतो. गणितात बहात्तर. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मी बोललेही नाही. मी ओट्यापाशी भाजी परतत होते. बाबा टेबलापाशी शेंगा सोलत बसले होते, ईरा त्यांच्यासमोर फोनमध्ये. तिनेच त्यांना मार्क सांगितले.

"बहात्तर म्हणजे जरा कमीच," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला नववीत अठ्ठ्याऐंशी होते."

"नो, आजोबा. मॉम गॉट फिफ्टी-वन. यू गेव्ह हर फिफ्टी-वन."

"दिले एकावन्न," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, माझं कौतुक, जे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "होते अठ्ठ्याऐंशी. एक प्रमेय अर्धं सोडलेलं आणि शेवटचं उदाहरण घाईत चुकलेलं. बाकी काय पेपर होता. तसा पेपर मी कधी तपासला नव्हता."

मी गॅस बंद केला. "तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?" मी विचारलं. "घोडके सरांनी फोनवर विचारलं तेव्हा?"

"असणारच की. मीच तपासलेला."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला ठेवलं आणि खरोखर विचार केला. मला टाळायचं म्हणून नाही, मी काहीतरी अवघड विचारलंय म्हणून. "घोडक्यांना काय सांगायचं?" ते म्हणाले. "मीच खोट्या आकड्यावर सही केली होती म्हणून?" मग ते पुन्हा शेंगा सोलायला लागले.

ईरा तिच्या खोलीत गेली. मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबा माझ्यासाठी खोटं बोलले नाहीत, आणि त्या एका आधारावर मी त्यांना माफ केलं होतं. त्या दिवशी त्यांना खोटं बोलावंच लागणार नव्हतं. खरं काय ते त्यांच्या तोंडात होतं, मी समोर बसले होते, पलीकडचा माणूस विचारत होता, आणि त्यांनी ते गिळलं. आता माफ करायचं तर पुन्हा पहिल्यापासून करायला हवं. बाबा ऐंशीला आलेत, आणि माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही.